पितळी पंप आणि मुनीराच्या गाद्या

स्फाक्स बंदरातल्या दुकानात नावेतलं पाणी उपसायचे दोन हातपंप होते. एक रबरी पडद्याचा, बसक्या बेडकासारखा. दुकानदार म्हणाला, "याला शेवाळ द्या, खवले द्या, गिळेल आणि थुंकेल." दुसरा पितळी, सडपातळ. आमचे जिलानी त्याच्याकडे असे बघत राहिले, की मी समजले, बेडकाचं काही खरं नाही.

"निदान सुकाणूपाशी तरी बसवा," मी म्हटलं. "एका हातात सुकाणू, दुसऱ्यात पंप."

"मग धक्क्यावरून दिसेल कसा?"

पंप डोलकाठीपाशी बसला. दर आठवड्याला लिंबू-राखेने आंघोळ. नळीच्या तोंडाची, कचरा अडवणारी खालची जाळी मात्र कधी काढून धुतली नाही. मी हळूच सुचवलं, तर म्हणाले, "अगं खदूज, नव्या नवरीचे दात मोजतात का?"

आमच्या लेकीच्या, मुनीराच्या लग्नाच्या लोकरी गाद्या आमच्या बेटाच्या त्या टोकाला, तिच्या सासरी पोचवायच्या होत्या. विहीणबाई सलूहा यांनी निरोपच धाडला होता, "ओली लोकर माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

रस्त्याने टेम्पो जात होता. पण जिलानींना शीड लावूनच जायचं होतं, तेही नक्षीचं नवं जाकीट घालून. शिवाय वाटेत ऑक्टोपस पकडायला समुद्रात सोडलेली मडकी उचलायची. "वाटेवरच तर आहेत!"

गुरुवारचा माझा रोजा. रोज्यात मी वाद घालत नाही. गाद्यांवर बसून तसबीचे मणी ओढत राहिले.

मडकी नावेत घेतली आणि अर्ध्या वाटेत तळाच्या फळ्यांवर पाणी आलं. मी सुकाणू धरलं, ते पंपाकडे धावले. दांडा वर, दांडा खाली. पंप नुसता उसासे टाकायला लागला.

"पाणी गाद्यांपासून वीतभर राहिलंय, अहो!"

"दिसतंय मला!" त्यांनी फळी उचलली. मडक्यातून निसटलेला एक ऑक्टोपस जाळीला आठी हातांनी मिठी मारून बसला होता. हे ओढायचे, तो ओढायचा. "सोड रे, मेल्या!"

"शिव्या कशाला? पाहुणा आहे तो."

"तू गप्प बस!"

गप्प बसून मी सुकाणू काखेत दाबलं आणि संध्याकाळी रोजा सोडायला आणलेली गोड्या पाण्याची सुरई हळूहळू त्याच्यावर ओतली. समुद्राच्या जिवाला गोडं पाणी सोसत नाही. तो झटक्यात सुटला आणि थेट जिलानींच्या छातीवर चढून काळी शाई सोडून मोकळा झाला. शाई टपटपत असतानाच त्यांनी दांडा मारला. पंपाने भळाभळा पाणी ओकलं.

काठावर सलूहाबाई उभ्याच होत्या. त्यांनी एकेका गादीत कोपरापर्यंत हात खुपसला, लोकर गालाला लावून बघितली. तेवढ्या वेळात मी तसबीचे दहा मणी ओढले.

"कोरड्या आहेत," त्या म्हणाल्या. मग जिलानींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"गाद्या आत घ्या, पोरींनो. आणि व्याह्यांना बाहेर दोरीवर वाळत घाला."