दोरीची कबुली

"टांगा त्याला! पाठीमागे हात बांधून टांगा!" नुन्झियाता ओरडली, तसा इटलीतल्या सिएना शहराच्या कचेरीतला शिपाई तिला आवरायला धावला.

समोर धान्याचा व्यापारी लात्तान्झिओ उभा होता. चर्चमधून चोरीला गेलेला चांदीचा दिवा त्याच्या कोठारात पुरलेला सापडला होता. याच चोरीचा आळ त्यानं पूर्वी तिच्या नवऱ्यावर, बास्तिआनो गवंड्यावर, घातला होता. तेव्हा याच कचेरीत कबुलीसाठी बास्तिआनोला, हात पाठीमागे बांधून, दोरीनं आढ्याला टांगलं होतं. खांदे निखळले, तशी त्यानं न केलेली चोरी कबूल केली. तुरुंगातून तो परत आला, हात मात्र कायमचे लुळे पडले.

"ती दोरी आता बंद झाली, बाई," तरुण न्यायाधीश म्हणाला. "नव्या कायद्यानं साक्षीपुराव्यावरच निकाल द्यायचा."

"माझ्या नवऱ्याच्या वेळी झोपला होता का कायदा?"

"तेव्हा मी इथं नव्हतो."

"मी होते. खाली चौकात. त्याचं सगळं ओरडणं ऐकलंय मी. आता याचं ऐकायचंय."

लात्तान्झिओ मान खाली घालून टोपी दोन्ही हातांत फिरवत होता. तिची नजर त्या धडधाकट बोटांवरून हलेना.

सोनाराची साक्ष झाली. दिवा वितळवायला लात्तान्झिओच आपल्याकडे आला होता, असं त्यानं शपथेवर सांगितलं. लात्तान्झिओला लिव्होर्नोच्या बंदरावर सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्याला नेताना ती त्याच्या तोंडावर थुंकली. तरी आतली आग विझली नाही.

घरी बास्तिआनो चुलीपाशी बसला होता. ती घेवड्याचं सूप त्याला भरवू लागली.

"टांगलं?" त्यानं विचारलं.

तिनं चमच्यावर फुंकर घातली. "टांगलं तर! लहान पोरासारखा रडला मेला. तुझ्याहून जास्त ओरडला."

"खांदे?"

"गेले दोन्ही."

कित्येक वर्षांनी तो हसला. "मग? झाला कबूल?"

"झाला की."

बास्तिआनोचं हसू मावळलं.

"कबूल तर मीपण झालो होतो गं," तो म्हणाला. "चोरी त्यानंच केली होती ना पण?"

"त्यानंच! सोनारानं सांगितलं, शपथेवर."

"मग टांगलं कशाला?"

नुन्झियातानं चमचा पुढे केला. त्यानं तोंड उघडलं नाही.