कागदावरचं चौथं नाव

यादी मी केली होती. ही चूक दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मी शाळेच्या कचेरीत कारकून आहे आणि तेवीस वर्षं आमच्या रग्बी क्लबचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे जर्सी धुवायला टाकणारा, मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा आणि सामन्याआधी सगळ्यांच्या हातापाया पडणारा माणूस. आमच्या भागातल्या लीगमध्ये नऊ क्लब, खेळणारे सगळे नोकरीधंदा सांभाळून येणारे. त्या वर्षी आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो. हरण्याचं काही वाटत नाही, त्याची सवय होते. पण हरायलासुद्धा पंधरा माणसं लागतात, आणि ती आमच्याकडे दोनदा भरली नव्हती. तिसऱ्यांदा भरली नाहीत तर क्लब लीगमधून बाद. बाद झालेल्या क्लबला नगरपालिका मैदान देत नाही, आणि मैदान नाही म्हणजे क्लब नाही.

त्यातून पहिल्या ओळीचा नियम. स्क्रममध्ये दोन्हीकडची आठ-आठ माणसं वाकून, खांदे भिडवून एकमेकांना रेटतात आणि सगळा भार पुढच्या तिघांच्या मानेवर येतो. म्हणून त्या जागी लीगकडे नोंद असलेला, सराव केलेला माणूसच लागतो. मोसमाच्या सुरुवातीला अशी निदान चार नावं दिल्याशिवाय लीग क्लबला घेतच नाही. माझ्याकडे तीन होती. चौथं मी दादाचं घातलं.

दादा, माझा थोरला भाऊ, बेकरीत काम करतो. एकवीस वर्षं तो पहिल्या ओळीत खेळला. मैदानावर त्याला सगळे ‘भिंत’ म्हणत. आदल्या मोसमाच्या शेवटी त्याच्या मानेतली शीर दबली आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा स्क्रममध्ये गेलात तर हात जातील, कदाचित पायही. तसं लिहूनही दिलं. तो कागद वहिनीनं माझ्याकडे दिला, कारण दादा तो फाडून टाकेल याची तिला खात्री होती. यादीतून नाव काढा, भाऊजी, असं तिनं बजावलं. पुढे दोनदा विचारलं, काढलंत ना म्हणून. दोन्ही वेळा मी काढलं म्हणालो. डॉक्टरांचा कागद कचेरीतल्या खणात होता आणि नाव यादीत होतं. नुसतं कागदावर तर आहे, त्याला मैदानात कोण उतरवतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. कारकुनाला खोट्या कागदाची भीती वाटेनाशी होते, ही आमची खोड.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. दुपारी दीड वाजता मी माणसं मोजली तर चौदा. पंधरावा म्हणजे आमचा पहिल्या ओळीतला ट्रक ड्रायव्हर, जाड्या. त्याचा फोन आला. पुढे अपघात झाल्यामुळे पुलावर गाड्यांची रांग लागली होती आणि ट्रक टाकून निघावं तर तो तासाभराच्या अंतरावर. जाड्या फोनवर रडायच्या बेतात होता. मला त्याला चार शब्द ऐकवायचे होते, पण मी फोन ठेवला.

आमच्या लीगमध्ये एक चांगली रीत आहे. समोरच्यांकडे माणूस कमी असला तर आपला द्यायचा. त्यांचा कप्तान, एक पोस्टमन, स्वतःहून आला आणि म्हणाला की आमच्याकडे सतरा आहेत, एक घेऊन टाका. मिनिटभर माझा जीव भांड्यात पडला. मग रेफरीनं मान हलवली. हा रेफरी पेशानं दातांचा डॉक्टर, वाईट बातमी शांतपणे द्यायची त्याला सवय. उसना माणूस कुठेही चालेल, पण पहिल्या ओळीत नाही, तिथे तुमच्याच क्लबचा नोंदलेला हवा, असं तो म्हणाला. त्यानं यादी मागितली. त्याचं बोट चौथ्या नावावर येऊन थांबलं आणि त्यानं विचारलं, हे आलेत का?

सामना असो नसो, दादा दर शनिवारी मैदानावर यायचा. पाण्याच्या बाटल्या भरायचा, पोरांच्या चुका काढायचा, बरं वाटायचं त्याला. त्यानं बाटल्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, आलोय.

कुणी त्याला खेळ म्हणालं नाही. नको खेळू असंही कुणी म्हणालं नाही. त्याच्या मानेचं निम्म्यांना ठाऊक होतं, आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. मीही.

कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या मागोमाग गेलो तेव्हा तो जर्सी चढवून बाकावर बसला होता.

“लेस बांध,” तो म्हणाला.

मान वाकत नसेल असं मला वाटलं. तसं विचारलं तर त्यानं उजवा हात माझ्यापुढे धरला. दोन बोटं तळव्याकडे वळलेली होती. त्यानं ती उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाहीत.

“दोन महिने झाले,” तो म्हणाला. “बेकरीत पीठ मशीनच मळतं, कुणाला कळत नाही. तुझ्या वहिनीला बोलू नकोस.”

मग त्यानं विचारलं की एकदा सामना सुरू झाल्यावर कुणी जखमी झालं तर क्लबवर ठपका येत नाही ना. नाही येत, मी म्हणालो. “मग एकच स्क्रम. लगेच पाय मुरगळला म्हणून बाहेर येतो.” इतक्या हिशेबानं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

मी लेस बांधल्या. खोटं कशाला बोलू, दोन्ही बुटांच्या बांधल्या, दुहेरी गाठ मारून. गुडघ्यावर बसून बांधताना माझ्या डोक्यात क्लब होता. एकच तर स्क्रम, असं मीही म्हणत होतो.

खेळ सुरू झाला आणि चौथ्याच मिनिटाला चेंडू कुणाच्या तरी हातून निसटला. रेफरीनं स्क्रमची खूण केली. मी रेषेबाहेर उभा होतो, आठ-दहा पावलांवर. पहिल्या ओळीतल्यानं समोरच्याची जर्सी घट्ट पकडायची असते. पकड नसेल तर भार आला की माणूस डोक्यावर कोसळतो. दादानं हात टाकला. निसटला. पुन्हा टाकला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा त्यानं मनगटच समोरच्याच्या काखेत खुपसलं, पकडल्यासारखं दिसावं म्हणून. रेफरी पलीकडच्या बाजूला होता, त्याला दिसलं नाही. मागच्या पोरांनी रेटायला पाय रोवले.

मी मैदानात धावत गेलो. “थांबवा. यादी खोटी आहे. दादाला डॉक्टरांची मनाई आहे, कागद माझ्याकडे आहे.”

शिट्टी झाली. सोळाही जण सरळ झाले, दादा शेवटी. रेफरीनं मला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. लिहिताना तोही माझ्याकडे बघत नव्हता. पोस्टमन म्हणाला की आपण तसंच खेळू, लीगला कोण सांगतंय. रेफरीनं वही मिटली. आमची पोरं एकेक करून जर्सी काढायला लागली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादा रेषेशी गवतावर बसला होता. मी त्याच्या पायाशी बसलो आणि बूट काढायला लागलो. माझ्याच गाठी, पण इतक्या घट्ट बसल्या होत्या की सुटेनात. वहिनीला आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे, असं मी म्हणालो. त्यानं मान डोलावली. मला वाटलं, आता तो मला माफ तरी करेल नाहीतर एक ठेवून तरी देईल. तो रिकाम्या होत चाललेल्या मैदानाकडे बघत होता.

“पुढच्या शनिवारी मी कुठे जायचं?” त्यानं विचारलं.

टोमणा नव्हता तो. तो खरंच विचारत होता, आणि मी काहीतरी सांगेन म्हणून थांबला होता. मी खाली मान घालून गाठ सोडवत राहिलो.