पूर्ण मिनिट

"त्या गेल्या," डॉक्टर म्हणाले. "डोक्यात रक्तस्राव झाला होता."

धर्मपालला कळलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "साहेब, एक मिनिट पुरं मोजलं काय? श्वास हळू असला तं अर्ध्या मिनिटात समजत नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. ते परत आत गेले, कांताबाईच्या छातीला नळी लावून, घड्याळाकडे बघत मिनिटभर उभे राहिले. बाहेर येऊन त्यांनी नुसती मान हलवली. धर्मपालने हात जोडले.

तो असं का म्हणाला, हे यवतमाळच्या त्या दवाखान्यात कोणाला ठाऊक नव्हतं, पण राळेगावजवळच्या त्याच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. त्याची बायको कांताबाई चौदा वर्षं गावची आशा सेविका होती. बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी जायचं, बाळाला झोळीत घालून वजन करायचं, ताप पाहायचा आणि श्वास मोजायचे. मिनिटात साठ झाले की दवाखाना. बाळाचं पोट इतकं हलकं हलतं की नजर हलली की मोजणं चुकलंच. म्हणून घड्याळ दुसऱ्याने धरायचं. आठ वर्षांची असल्यापासून ते त्यांची पोर दीपमाला धरायची. मिनिट भरलं की ओरडायची, "बस, आई!"

कांताबाई मोठ्याने मोजायची. त्यामुळे गावातल्या बायांना वाटायचं, गुण मोजण्यातच आहे. म्हातारी माणसंही येऊन बसायची. "मोजून दे वं कांता, बरं वाटते."

"मी काय मंतर म्हणून राह्यली?" ती चिडायची. "मोजल्यानं नाही, दवाखान्यात गेल्यानं बरं होते."

धर्मपाल पंक्चरसाठी सायकलची ट्यूब घासता घासता त्या बायांना हसायचा.

दीपमालाचा नागपूरला डॉक्टरकीला नंबर लागला होता. शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आईला जाऊन तीन दिवस झाले आणि बुधवारी सकाळी ती म्हणाली, "मी नाही जात, बाबा. तुमी एकटे काय खासाल?"

"मले भाकर येते थापता."

"येते! मागच्या खेपेले कुत्र्यानं हुंगून सोडली."

दोघंही हसले, मग हसल्याची लाज वाटली.

तेवढ्यात शेजारची बेबीताई दारात आली. "भाऊ, अशा वक्ताले येऊ नाही, पण नातू सकाळपासून दूध ओढून नाही राह्यला. आज त्याचा चौदावा दिवस. कांता असती तं आलीच असती." ती दीपमालाकडे वळली. "पोरी, तू मोजतं काय?"

दीपमाला उठली. आईची पिशवी तिने खांद्याला लावली आणि घड्याळ बापाच्या हातात दिलं. "काट्यावरच नजर ठेवा. माझ्याकडं पाहू नका."

बेबीताईची सून वर्षा बाळ घेऊन बसली होती. दीपमालाने हात धुतले, बाळाचं झबलं वर केलं आणि मोजायला लागली. धर्मपालची नजर काट्यावर होती, कान पोरीकडे. कांताबाई चाळीसच्या आकड्यापुढे एकदा दम घ्यायची. ही कुठेच थांबली नाही.

"बस," तो म्हणाला.

"अडुसष्ट. परत लावा."

दुसऱ्यांदा सहासष्ट.

"झालं ना मोजून?" बेबीताई म्हणाली. "आता दम उतरंल."

"नाही उतरत, काकू. छातीखाली खड्डा पडून राह्यला, दिसते काय? दवाखान्याची गाडी बोलवा."

"रातभर पाहू ना वं. एवढासा जीव, कुठी हिंडवतं…"

"काकू."

एवढाच शब्द. आवाज चढला नव्हता. बेबीताईने मुकाट्याने फोन हातात घेतला.

धर्मपाल बघत राहिला. एकोणीस वर्षं ही पोर त्याच्या ताटात जेवली होती. तिला ताप आला की तो रागवायचा, पास झाली की पेढे वाटायचा. ती कोण आहे, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

गाडी आली. वर्षाने बाळ पदराखाली छातीशी धरलं. दार लागलं, गाडी वळणाआड गेली. दीपमाला रस्त्यातच उभी राहिली.

"आई इथपर्यंतच यायची, बाबा," ती म्हणाली. "दार लागलं का तिचं काम सरलं. पुढं दवाखान्यात काय करतेत, ते तिले कधी करता नाही आलं. मले करायचं हाय."

"मंग जाय," धर्मपाल म्हणाला.

संध्याकाळी वर्षाचा फोन आला. निमोनिया होता, वेळेवर आणलं म्हणून बाळ वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"निदान मायच्या दिवसाचं पुण्यानुमोदन तरी होऊ द्यायचं," गुरुवारी फाट्यावर कोणीतरी बोललं.

"त्याले मी बसतो," धर्मपाल म्हणाला. "पोरीची जागा कोणी राखून नाही ठेवत."

त्याने पोरीची ट्रंक एसटीत चढवली. ती खिडकीतून काही सांगत होती, इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. त्याने हात वर केला.

गावाला नवी आशा अजून मिळालेली नाही. नाल्याकडच्या घरांत दोघींचे दिवस भरत आले आहेत. त्यांच्या घरी जाणारं कोणी नाही.