मचाणावरची जागा

पंधरा नोव्हेंबरला त्या गावात कुणी लग्न ठरवत नाही, कुणी ऑपरेशनची तारीख घेत नाही आणि शक्यतो कुणी मरतही नाही, कारण खांदा द्यायला पुरुष सापडायचे नाहीत. हरणांच्या शिकारीचा मोसम त्या दिवशी सुरू होतो. शाळेलाही सुट्टी असते. गावातले झाडून सगळे बाप्ये आदल्या दिवशीच नारिंगी जाकिटं चढवून जंगलात पसार होतात, आणि बायका त्या आठवड्यापुरत्या स्वतःला विधवा म्हणवून घेतात, तेही खिदळत. अशा गावात कार्लाने सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी, सॉनातली वाफेची आंघोळ आटोपून घरचे ओल्या केसांनी कॉफीला बसलेले असताना, आईबापांना सांगून टाकलं की थीम पार्क पाहायला ऑरलँडोला जायचं तर तेरा ते अठरा नोव्हेंबर, नाहीतर नाही.

"शाळा तशीही पंधराला बंद," ती म्हणाली. "तिथे गर्दीही कमी असते तेव्हा. पुढच्या रविवारी मी विमानाची तिकिटं काढतेय. आई, बाबा, मी आणि ब्रिनली. चौघं."

कार्लाचा नवरा समुद्राएवढ्या सरोवरातल्या मालवाहू जहाजावर, म्हणजे जानेवारीपर्यंत त्याला धरायचंच नाही. तिची नऊ वर्षांची ब्रिनली टेबलाखाली पाय आपटत होती आणि थीम पार्कमधल्या एकेका झुल्याचं नाव शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणत होती.

कार्लाच्या आईचा, सायमाचा, कप हातातच राहिला. एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या छातीत अशी धडधड व्हायला लागली तर डॉक्टरला बोलवायचं असतं, पण ही धडधड वेगळी होती. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. दर मे महिन्यात पोरांना सहलीला न्यायची. पोरं कुंपणाच्या आत रोलर कोस्टरवर किंचाळायची आणि ही बाहेर रिकाम्या बसमध्ये मोजे विणत बसायची. निवृत्त झाल्यावर आपणही बसू, असं तिने ठरवलं होतं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती.

मग तिघींनी कार्लाच्या बापाकडे, रेनोकडे पाहिलं. तो वेलदोड्याच्या पावाला लोणी लावत होता, भिंतीला गिलावा करावा तसा, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "मजा करा."

"बाबा, एकच वर्ष."

"साठ वर्षं झाली. एकही चुकवलेलं नाही."

"अपेंडिक्स काढलं तेव्हापण?" ब्रिनलीने विचारलं.

"तेव्हा टाके घेऊन गेलो होतो."

"आणि टाके उसवून परत आला होता," सायमा म्हणाली. "ते कुणी निस्तरलं, तेही सांग पोरीला."

रेनो नसला तरी ती जाणारच होती, हे तिने मनाशी पक्कं केलं. पण तिला तो शेजारी हवा होता. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली आणि पंधरा नोव्हेंबरच्या उजेडात नवऱ्याचं तोंड कसं दिसतं हे तिला माहीत नव्हतं. हे मुलीसमोर कसं बोलायचं? म्हणून ती भलतंच बोलली. "नकोच येऊस. तिथे श्श श्श करायला आम्हाला कुणी नकोय."

रेनोचा हा लाडका शब्द. मोसम जवळ आला की हरणं जणू माजघरातच चरत असल्यासारखा तो घरातही सगळ्यांना श्श करून गप्प करायचा.

आणि त्याचा तो कॅम्प. अकरा मैलांवर जंगलात बापाने बांधलेली लाकडी खोली. तिच्या भिंतीवर जंगलाचा हाताने काढलेला नकाशा आहे. जिथे मचाण तिथे खिळा, आणि खिळ्यावर त्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेली लाकडी चकती. एका मचाणावर एकच माणूस, हा बापाचा नियम. पूर्वी सहा चकत्या होत्या, आता रेनोची आणि त्याच्या चुलतभावाची, वेस्लीची, एवढ्याच उरल्या. शिवाय मुस्ती नावाच्या कुत्र्याची. मुस्ती जाऊन वीस वर्षं झाली, पण त्याची चकती अजून आहे. मांस-बटाटा भरलेल्या बारा करंज्या दर चौदा नोव्हेंबरला भाजून देणाऱ्या सायमाचं अक्षर मात्र त्या भिंतीवर कधी आलं नाही. याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ती वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आली होती. खोटं होतं ते.

सोमवारपासून तिने तयारी आरंभली. नवे बूट घेतले आणि ते सैल करायला शाळेच्या मैदानाला फेऱ्या घालू लागली, आधी चार, मग सात. गावभर झालं. पोस्टातली बाई विचारायची, "काय सायमा, निघालीस का?" आणि ही न थांबताच म्हणायची, "अजून सहा आठवडे. तोवर तुझ्या पत्रांवर तिकिटं चिकटव." दुपारी ब्रिनली शाळेतून थेट आजीकडे यायची आणि सोफ्यावर तिची रोलर कोस्टरची तालीम घ्यायची.

"आजी, दांडी नाही धरायची. हात वर. दोन्ही."

"पडले म्हणजे?"

"पडत नाही कुणी. पट्टा असतो. आणि मोठ्याने ओरडायचं."

"श्श," दारातून रेनो म्हणाला, आणि मग जरा घुटमळला. "दार किती वाजता उघडतं तिथलं?"

"नऊला. तुला काय करायचंय?"

"काही नाही."

मंगळवारी बशा पुसताना त्याने विचारलं, "माणसं आत शिरली की डावीकडे वळतात की उजवीकडे?"

"मी कुठे मोजायला गेलेय? चेष्टा करायची असेल तर नीट कर."

त्याने बशी जागेवर ठेवली. संध्याकाळी नातीकडून तिचा टॅबलेट मागून घेतला. बुधवारी सकाळी करवत, हातोडा आणि खिळ्यांचा डबा गाडीत टाकून तो कॅम्पला निघून गेला. दर वर्षी याच सुमाराला तो मचाणं दुरुस्त करायला जातो. सायमाने खिडकीतून गाडी वळताना पाहिली आणि तिचं तोंड कडू झालं. तिने कार्लाला फोन लावला.

"तीनच काढ."

"रविवारपर्यंत थांबते, आई."

"कशाला थांबतेस? तो हातोडा घेऊन गेलाय."

तरी संध्याकाळी तिने नऊ फेऱ्या मारल्या. रागात माणूस चालतो बरं.

शनिवारी तिला कपाटात त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिसल्या. तीन दिवस हा गोळ्यांशिवाय. शिव्या देतच तिने गाडी काढली. मेपलची झाडं नुकती लालभडक झाली होती आणि रस्ता खडबडीत होता, पण एकतीस वर्षं बस हाकलेल्या बाईला रस्त्याचं काय. कॅम्पचं दार तिने ढकललं तेव्हा रेनो नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून टॅबलेटवर काहीतरी पाहत वहीत लिहीत होता.

"मरायचंय का तुला?" तिने गोळ्या टेबलावर आपटल्या. "मचाणं झाली का ठोकून?"

"मचाणांना हात नाही लावला अजून."

मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. जंगलाच्या नकाशाशेजारी दुसरा नकाशा ठोकला होता, तिच्या घरच्या दारापेक्षा रुंद. त्यावर पेन्सिलीने बाण, वेळा आणि गोल होते. थीम पार्कचा नकाशा होता तो.

"मोठा करून घेतला ग्रंथालयातून," रेनो म्हणाला. "टॅबलेटमध्ये लोकांनी काढलेल्या फिल्मा भरून घेतल्या. तीन दिवस पाहतोय. सायमा, माणसं अगदी हरणांसारखी वागतात. आत शिरली की कळप उजवीकडे वळतो. का ते त्यांनाही माहीत नसेल. आपण डावीकडे जायचं. साडेअकराला सगळी चरायला जातात. तेव्हा रोलर कोस्टर मोकळा, सलग दोनदा बसता येतं. दोन ते चार सावलीला पडून राहतात. तेव्हा आपण पाण्याकडे. दार नऊला उघडत असलं तरी आपण आठला दारात. नारिंगी जाकिटं चौघांनाही, म्हणजे कुणी हरवणार नाही."

 सायमा बाकावर टेकली. "आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे आपण."

"मग बोलला का नाहीस, मेल्या? मी तीन तिकिटं सांगून बसलेय."

"जमेल की नाही ते बघत होतो." त्याने चष्मा काढून पुसला. "इथे येऊन बसलो पहिल्या दिवशी. म्हटलं, मन इकडे ओढलं तर ऑरलँडोचं नाव काढायचं नाही. गेल्या वर्षी पंधराला पहाटे मी त्या मचाणावर तुझी करंजी खाल्ली. फार छान झाली होती. आणि छान झालीय हे सांगायला कुणी नव्हतं. वेस्लीला तर दात नाहीत." त्याने चष्मा परत नाकावर चढवला. "तेच आठवत राहिलं. हरीण आठवलं नाही."

तिला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर एवढ्यात रडायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती उठून नकाशाजवळ गेली. रोलर कोस्टरपाशी नव्या चकत्या होत्या, ताज्या लाकडाचा वास येणाऱ्या. दुसऱ्या डब्यावर कार्लाची आणि ब्रिनलीची, शेजारी शेजारी दोन खिळ्यांवर. सगळ्यात पुढच्या डब्यावर एकच खिळा आणि त्यावर रेनोची. तिने पुन्हा पाहिलं. चौथा खिळा नव्हता.

"माझी कुठाय?" तिने विचारलं. "कुत्र्यालाही होती."

रेनोने पुढे होऊन आपली चकती उचलली. तिच्याखाली, त्याच खिळ्यावर, दुसरी होती. सायमाचं अक्षर होतं त्यावर, चारदा घासून गुळगुळीत केलेलं.

"तुला वेगळा खिळा कशाला?" तो म्हणाला. "तू माझ्या मचाणावर."

सायमाने डोळे पुसले. एका मचाणावर एकच माणूस, हे साठ वर्षं ज्याने पाळलं त्याला आता आणखी काय विचारायचं? पण गप्प राहील तर ती सायमा कसली.

"म्हणजे आता मला तोंड मिटून बसावं लागणार."

"तिथे ओरडायचं असतं म्हणे."

"ओरडून बघू?"

"इथे?"

ती केव्हाच दार उघडून पायरीवर उभी राहिली होती. समोर जंगल चिडीचूप होतं. या पायरीवर गेली एकोणपन्नास वर्षं ती कुजबुजतच बोलत आली होती. तिने छाती भरून श्वास घेतला आणि जी किंचाळी फोडली ती थेट ओढ्यापलीकडे गेली. पाखरं भर्रकन उठली. झुडपातून एक दांडगा नर शेपटीचा पांढरा झुपका उभारून धूम पळाला, आणि मोसमाला सहा आठवडे राहिलेले असताना रेनोच्या डोळ्यांदेखत दिसेनासा झाला.

रेनोने तोंड उघडलं. सायमा श्श ऐकायला तयारच होती.

"हात," तो म्हणाला. "ब्रिनलीने सांगितलंय ना, दोन्ही हात वर करून."