माथ्याची खूण

दोन शहाणी माणसं ‘माझंच खरं’ म्हणून अडून बसली, की देवसुद्धा जरा बाजूला सरकून गंमत बघतो. इंजिनांच्या चाचणीघरात त्या आठवड्यात हेच चाललं होतं.

एक होती गणितवाली. जहाजाच्या इंजिनात नैसर्गिक वायूबरोबर हायड्रोजन मिसळून जाळला, तर ज्योत किती वेगाने पसरेल, दाब कधी चढेल, हे ती संगणकावर आधीच मांडून दाखवायची. दुसरा होता चाचणीघराचा उस्ताद. इंजिनावर पोटच्या पोरासारखी माया, आणि संगणकावर सावत्रासारखीही नाही.

नुसत्या वायूवर तिचं गणित इंजिनाशी तंतोतंत जुळलं होतं. मग हायड्रोजनची नळी जोडली आणि घोडं अडलं. गणित म्हणे, मिश्रण भराभर जळतं, ठिणगी उशिरा टाका. मोजमाप म्हणे, छे, ज्योत रमतगमत चालली आहे, ठिणगी लवकर टाका.

“बाई, तुमची ज्योत पडद्यावर धावते,” उस्ताद म्हणाला. “माझ्या इंजिनात ती पानसुपारी खात येते.”

चाचणीघराचे साहेब दोघांमध्ये उभे राहून घाम पुसत होते. “तुमच्या गणितातल्या त्या ज्योतीच्या वेगाच्या गुणकाला थोडा पीळ द्या ना. पडद्यावरच्या दोन्ही रेषा जुळतील. उद्या जहाजमालक येताहेत. रेषा जुळल्या नाहीत, तर ते जुनंच तेलावरचं इंजिन घेतील आणि आपलं काम कायमचं गुंडाळलं जाईल.”

“पीळ दिला तर आज जुळेल, साहेब. पण त्या भरवशावर ठिणगी लवकर टाकून हायड्रोजन वाढवलात, तर इंजिन आतून ठोके खाईल. पिस्टनचे तुकडे वेचावे लागतील. मी नाही पीळ देणार.”

“मग उद्या तोंड कसं दाखवायचं?”

तिने आकड्यांचे कागद उचलले आणि घरची वाट धरली.

सकाळी ती निघायच्या तयारीत होती. नवरा चहा ओतता ओतता गात होता. तिकडे भाजी निवडायची थांबवून सासूबाई टाळी वाजवून ताल धरत होत्या.

“मागे पडतोस रे. रेंगाळतोस!”

“आई, मी जागेवरच आहे. तुझी टाळी आधी पडते.”

“माझी? अरे, तुला बोलता येत नव्हतं तेव्हापासून वाजवतेय मी!”

गणितवालीचा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला. गाणारा मागे पडतोय की टाळीच घाई करतेय? दूर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

“काय गं सूनबाई, अशी का बघतेस?”

“काही नाही आई. भांडण चालू ठेवा, फार उपयोगी आहे!” म्हणत ती चहा न पिताच पळाली.

चाचणीघरात शिरता शिरताच ती म्हणाली, “उस्ताद, इंजिन इंधनाशिवाय फिरवा. नुसतं विजेच्या मोटारीवर.”

“रिकामं जातं फिरवून काय दळायचंय?”

“हवा. आत नुसती हवा दाबली जाईल. पिस्टन नळकांड्यात वर चढून अगदी माथ्यावर पोचायच्या केसभर आधी दाब शिगेला पोचायला हवा, कारण थोडी ऊब आणि थोडी हवा निसटतेच. तो माथ्यानंतर शिगेला गेला, तर?”

“तर सृष्टीचा नियमच खोटा.”

“किंवा माथ्याची खूण खोटी.”

उस्तादाच्या मिशा हलायच्या थांबल्या. पिस्टन माथ्यावर आला, हे सांगणारा सेन्सर इंजिनाच्या मोठ्या चक्राशेजारी होता, आणि सगळं मोजमाप त्याच एका खुणेपासून सुरू होई.

मोटार घुमली. पडद्यावर दाबाची टेकडी उमटली. तिचा शेंडा माथ्याच्या रेषेच्या पलीकडे होता!

उस्ताद जिना उतरला, चक्राशेजारी वाकला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, “माझंच कर्म! नळी बसवताना मीच हा काढला होता. परत लावताना तिरका बसलाय. आधीच खूण देतोय लेकाचा, म्हणून ज्योत उशिरा दिसते!”

सेन्सर सरळ झाला. तोवर जहाजमालक काचेमागे येऊन उभे राहिले होते. वायूत हायड्रोजन मिसळला, ठिणगी गणिताच्या वेळेला पडली, आणि मोजलेली रेषा संगणकाच्या रेषेवर अशी येऊन बसली, की दोन आहेत हे सांगावं लागावं.

“वाढवा,” गणितवाली म्हणाली, आणि ठिणगी आणखी उशिरावर नेली.

हायड्रोजन वाढला. रेषा जुळलेलीच. ठोका नाही. अजून वाढवला. इंजिनाचा घनगंभीर सूर तसूभरही ढळला नाही. साहेब घाम पुसायचं विसरले. जहाजमालकांनी काचेवर बोटं टेकवली, तिची थरथर चाखल्यासारखी मान डोलावली आणि म्हणाले, “हेच इंजिन हवं. आणि ठिणगीची वेळ ह्या बाईच ठरवणार, असं करारात घाला.”

उस्तादाने दोन्ही हात जोडले. “बाई, ज्योत धावते. मान्य. पानसुपारी माझ्या सेन्सरने खाल्ली.” खोलीभर हसू फुटलं, आणि सगळ्यांत मोठं उस्तादाचंच.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा चेहराच सगळं सांगत होता. नवऱ्याने हातातला आमटीचा डाव सोडून तिला जवळ घेतलं. सासूबाईंनी आधी देवाला हात जोडले, मग तिच्या गालावरून हात फिरवला. “देव पावला! काय अडलं होतं गं?”

“टाळी चुकत होती, आई. गाणारा बरोबर होता.”

सासूबाई विजयी नजरेने लेकाकडे वळल्या. “ऐकलंस? टाळी चुकली की कसा घोळ होतो ते! मी उगीच इतकी जपून वाजवते होय रे?”