उठवायचं काम

"अगं, पोलीस आलेत का घरात? हात कशाला वर केलेस?" ताट वाढता वाढता आई म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसली.

बाथरूमच्या दारात चिंगी उभी होती. कोपरापर्यंत धुतलेले हात छातीसमोर उभे धरलेले, बोटं वर, कोपरांतून पाणी फरशीवर ठिबकतंय. टॉवेल समोरच टांगलेला होता, पण तिने त्याला स्पर्श केला नाही. ऑपरेशनच्या आधी सर्जन असेच उभे राहतात आणि नर्स त्यांच्या हातात निर्जंतुक कापड ठेवते. जेवणाच्या आधी मात्र असं कुणी उभं राहत नाही.

बाबाही हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की पोरगी हसत नाहीये. ती तशीच उभी होती, नजर भिंतीच्या पार कुठेतरी. आईने पुढे होऊन टॉवेल हातात दिला तेव्हा ती दचकली आणि म्हणाली, "थँक्यू सिस्टर."

आईचं हसू तिथल्या तिथे विरलं.

चिंगीला कितीतरी महिन्यांनी एका दिवसाची रजा मिळाली होती. सर्जरीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष बाकी होतं. सकाळी आली, संध्याकाळच्या गाडीने परत, आणि उतरली की थेट ड्युटी. जेवताना आईने तिच्या आवडीचं काय काय केलं होतं, पण ती मान खाली घालून भराभर गिळत होती. कुणी ताट काढून घेईल अशी घाई. "सावकाश गं," आई म्हणाली, तोवर तिचं संपलंही होतं.

बाबांचं सलून घराच्या पुढच्या खोलीतच होतं. एक खुर्ची, एक आरसा, गिऱ्हाइकांसाठी एक बाक. एवढ्यावर त्यांनी संसार केला, पोरगी शिकवली, आणि पोरगी सर्जन व्हायला गेली तेव्हा ते ज्याच्या त्याच्या दाढीला फेस लावताना सांगायला लागले, "आमच्याकडे दोन पिढ्या कापाकापीच. मी वरवर कापतो, ती आतून." काही गिऱ्हाइकांनी हा विनोद इतक्यांदा ऐकला होता की ते आधीच हसून मोकळे होत.

हात स्थिर ठेवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो काढायचा, फुगा न फोडता. नवशिक्या न्हाव्याला असंच शिकवतात. लहानपणी चिंगीने इतके फुगे फोडले की आईने कानांत बोळे घातले. मग एके दिवशी फुगा फुटला नाही. तो स्वच्छ पुसलेला फुगा दोन्ही हातांत धरून ती गल्लीभर सगळ्यांना दाखवत हिंडली होती. बाबांना तो दिवस आठवला की अजूनही बरं वाटे.

दुपारी ती सलूनमध्ये आली आणि न विचारता खुर्चीत बसली. "बाबा, डोकं जरा चोळून द्या ना."

बाबा तिच्या केसांतून बोटं फिरवू लागले. केस बोटांत येत होते. तिला आरशात दिसू नयेत म्हणून ते गुपचूप खिशात टाकत राहिले.

"परवा वॉर्डातले एक आजोबा गेले," ती डोळे मिटूनच म्हणाली. "त्यांचा मुलगा माझ्यासमोर रडत होता. आणि माझ्या मनात काय आलं माहितीये? चला, एक बेड रिकामा झाला."

बाबांची बोटं थांबली.

"वाईट वाटून घ्यायचा खूप प्रयत्न केला. वाटेचना."

"दमलीयेस तू. झोपलीस की बरं वाटेल."

"झोपून उठते ना, तेव्हाच दमलेली असते."

"आणि हात?" बाबांनी घाबरत विचारलं. त्यांच्या धंद्यात पहिली भीती हाताचीच.

"हात एकदम ठीक आहेत. टाके माझेच सगळ्यांत चांगले असतात. बाकीची मी कुठे गेले ते कळत नाही." तिने डोळे उघडले. "बाबा, सोडून देऊ का?"

'एवढी वर्षं काढलीस, आता थोडं राहिलंय,' हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. फोनवर ती जेव्हा जेव्हा रडवेली झाली, तेव्हा त्यांनी तेच म्हटलं होतं, आणि दर वेळी ती "बरं" म्हणाली होती. आज ते वाक्य काही बाहेर पडेना.

"जरा पड," ते म्हणाले.

"उठवाल ना पण? गाडी चुकली तर सर सोलून काढतील."

"उठवतो की. आजवर कधी चुकलोय?"

कधीच चुकले नव्हते. शाळेच्या परीक्षा, कॉलेजच्या परीक्षा, सगळ्यांच्या वेळी तिला पहाटे उठवायचं काम बाबांचं. हाक मारायची नाही, कात्री घेऊन तिच्या कानाशी हवेतच कचकच करायची. ती डोळे न उघडता म्हणे, "थोडेच कापा हं, मास्तर." मग दोघं हसत, आणि ती उठून अभ्यासाला बसे. थंडीत तिच्या नाकाचं ते लालबुंद टोक, मांडीवर पुस्तक. किती गोड दिवस होते ते. आपण तिला एकदाही 'झोप अजून' म्हटलं नाही, हे मात्र त्यांना आज पहिल्यांदाच सुचलं.

खुर्ची मागे कलती करून त्यांनी तिच्या अंगावर धुतलेलं कापड पसरलं. ती केव्हाच झोपली होती, लहानपणीसारखी तोंड उघडं टाकून.

बँकेतले साहेब दाढीला आले. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि उद्या या अशी खूण केली.

"डॉक्टरीणबाई आल्यात वाटतं?" साहेब कुजबुजले.

"चिंगी आलीये," बाबा म्हणाले.

आई आतून आली. "अहो, गाडीची वेळ झाली. उठवा तिला."

बाबा खुर्चीजवळ गेले. खांद्यावर ठेवण्यासाठी हात पुढे केला. ती सर्जन व्हावी हे तिच्याइतकंच त्यांचंही स्वप्न होतं. किंबहुना तिच्याआधी त्यांचंच. आज उठवलं नाही तर कदाचित ती परत जाणारच नाही, आणि उठवलं तर ती मुकाट्याने जाईल, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी हात मागे घेतला. आईने दाराचा पडदा ओढून घेतला.

लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली आणि मग ती गेलीसुद्धा. थोड्या वेळाने चिंगीचा फोन वाजला. बाबांनी तो झटकन उचलला आणि दाराबाहेर नेला.

"मॅडम, गाडीत बसलात ना?" पलीकडे तिचा सिनियर होता.

"मी तिचा बाप बोलतोय. ती झोपलीये."

"झोपलीये? काका, तिची ड्युटी आहे. उठवा तिला."

"आज नाही उठवणार, साहेब." मोठ्या माणसाला नाही म्हणायची बाबांना सवय नव्हती.

"अहो, मी वर काय सांगू?"

"सांगा, बापाने उठवलं नाही."

सिनियर म्हणजे तरी कोण, चिंगीहून एखाद्या वर्षाने मोठा पोरगाच. त्याचा श्वास जड येत होता. बाबांनी विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

"नाही अजून."

"जेवून घ्या आधी."

"हो काका," तो म्हणाला, आणि फोन ठेवायला त्याला जरा वेळ लागला.

चिंगी जागी झाली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. ती ताडकन उठून बसली. "किती वाजले? गाडी?"

"गेली."

आरशातून तिने बाबांकडे पाहिलं. "तुम्ही उठवलं नाहीत?"

"नाही उठवलं."

आता ती चिडेल, बॅग उचलून स्टेशनकडे धावेल, असं बाबांना वाटलं. सकाळपासून कोरडे असलेले डोळे भरून आले. मांडीवर घसरलेलं कापड तिने हनुवटीपर्यंत ओढून घेतलं, कूस बदलली आणि डोळे मिटले.

बाबांनी आरशावरचा दिवा मालवला आणि ते बाकावर बसून राहिले.