वामनमास्तरांचा इंग्रजीचा वर्ग

"वामनराव, माझं ऐका. पुंजारामले आज घरीच ठेवा," केशवराव शाळेच्या दारातच म्हणाले. "पोट्टं आजारी हाय म्हनून सांगून टाका. तपासणीच्या साहेबासंग कापसाचा व्यापारी येऊन राहिला."

केशवराव खालच्या वर्गांना गणित शिकवत. त्यांचा सल्ला काही वेडगळ नव्हता. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडल्या होत्या आणि खरेदीला आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना हवे होते दुभाषे. ते कुठे मिळणार? इंग्रजी शाळेत! म्हणून अमरावतीच्या त्या शाळेत एक रीतच पडून गेली होती, की तपासणीच्या दिवशी वर्गातलं सगळ्यांत हुशार पोरगं दडवायचं. हसू नका. वामनमास्तरांच्या वरच्या वर्गातली तीन मुलं डोळ्यांदेखत अशी उचलली गेली होती. उरला होता एकटा पुंजाराम, नत्थुजींचा थोरला. त्याला मुंबईला नेऊन मॅट्रिकच्या परीक्षेला बसवायचं, हा एकच ध्यास मास्तरांना लागला होता. साताऱ्याहून इतक्या लांब आले, केस पिकले, पण त्यांच्या हातचा एक मुलगा अजून त्या परीक्षेपर्यंत पोचला नव्हता.

"आणि साहेबापुढे उभं कोणाला करू? त्या बाकीच्या ठोंब्यांना?" मास्तर फणकारले. "वर्षभर घसा फोडला तो काय पोर लपवायला?"

तपासणीला पुंजाराम उभा राहिला. घडाघडा वाचून गेला. मग पाहुण्या व्यापाऱ्याला लहर आली. तो जमलेल्या पालकांपुढे कापसावर भाषण ठोकू लागला. वऱ्हाडची माती सोन्याची आहे, जेवढा कापूस पेराल तेवढा आम्ही घेऊ, वगैरे. पुंजाराम त्याच्या शेजारी उभं राहून एकेक वाक्य वऱ्हाडीत सांगत गेला. मास्तरांची शिकवणच होती, की दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि त्याचं काही गाळायचं नाही. म्हातारे शेतकरी तोंडात बोटं घालून ऐकत राहिले. तपासणीचा साहेब म्हणाला, इंग्रजीचा असा वर्ग मी सबंध वऱ्हाडात पाहिला नाही. मास्तरांना शाल मिळाली. भर दुपारी घरी जातानाही त्यांनी ती खांद्यावरून काढली नाही, इतके हरखले होते बिचारे.

आठवड्याच्या आत व्यापाऱ्याचा माणूस नत्थुजींच्या दारात हजर. नत्थुजी पोराला घेऊन तडक मास्तरांकडे आले.

"मास्तर, पोट्टं मी तुमच्या हवाली केलं होतं. तुमी नाही म्हना, मी त्याले धाडत नाही."

एवढं सोपं होतं ते. पण पुंजारामच मध्ये बोलला, "एकच हंगाम, मास्तर. सायेबासंग राहून इंग्रजी अजून सुधरते. परीक्षा पुढच्या साली देतोच ना मी!"

पोराचे डोळे नुसते लकाकत होते. आणि खरं सांगायचं तर एवढा बडा साहेब आपला विद्यार्थी मागतोय, याचं मास्तरांनाही मनातून बरंच वाटलं.

"एक हंगाम," ते म्हणाले. "वर एक दिवस नाही."

पुढचा कापूस घरात आला आणि तिकडे अमेरिकेतली लढाई आटोपत आल्याच्या बातम्या आल्या. भाव धाडकन कोसळला. व्यापाऱ्यानं गाशा गुंडाळला. पुंजाराम मात्र शाळेत आला नाही. वाट बघून बघून मास्तरांनी शेवटी गाडी ठरवली आणि त्याचं गाव गाठलं.

पुंजाराम ओसरीवर दोर वळत बसला होता. मास्तरांना पाहून उठला, पाया पडला आणि पुन्हा खाली बसला. त्याच्या आईनं, कौशल्याबाईनं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"गावात कोनी बोलत नाही जी त्याच्यासंग," ती म्हणाली. "मी विहिरीवर गेली का बाया घागरी उचलून चालल्या जातात."

"पुंजाराम, ऊठ," मास्तर म्हणाले. "परीक्षेला अजून वेळ आहे. माझ्या घरी राहा. मी तुझी तयारी करून घेतो."

"राहू द्या, मास्तर."

"अरे, पण का?"

पुंजाराम दोर वळतच राहिला. मग खालमानेनं म्हणाला, "पेरनीच्या आधी सायेब इथं आला होता. म्हने, ज्वारी पेरू नका, समदा कापूस लावा, समदा मी घेतो. मी गाडीवर उभा राहून सांगतलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. तुमी शिकवलं तसंच. ज्वारी नाही पेरली तं लोक खातीन काय, हे मले समजत नव्हतं का? तोंडात आलं होतं मास्तर, का बाप्पाहो, असं करू नका. पन ते माह्या पदरचं झालं असतं."

मास्तरांनी उचललेला तांब्या तसाच खाली ठेवला.

"आता कापूस आंगनात पडून हाय अन् कनगीत दाना नाही. शेजारचे खुशालरावकाका म्हनते, सायेबाले आमी वळखत नव्हतो, पोट्ट्या. आमी तुले वळखत होतो."

परीक्षेचं नाव पुन्हा काढायची मास्तरांची छाती झाली नाही. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि निघाले. गाडीत बसल्यावर मात्र त्यांना रडू आवरेना.

त्या साली तपासणी उशिरा झाली, वैशाखात. तपासणीच्या साहेबानं आठवणीनं विचारलं, "तो हुशार मुलगा कुठे आहे?" गावी असतो, असं कोणीतरी सांगितलं. शिकलेला मुलगा शेतीकडे वळला, असं समजून साहेब खूश झाला. मग तो पालकांकडे वळला. भाव पुन्हा चढणार आहेत, भिऊ नका, येत्या पावसाळ्यात कापूसच पेरा, असं बरंच काही बोलला. भाषांतर करील असं वरच्या वर्गात आता कोणी नव्हतं. त्यानं मास्तरांना खूण केली.

मास्तरांनी एकेक वाक्य नीट सांगितलं. काही गाळलं नाही. साहेब बसला, तरी ते उभेच राहिले.

"हे साहेबांचं झालं," ते म्हणाले. "आता हे माझ्या पदरचं. घरात खायला लागेल तेवढी ज्वारी आधी पेरा. कापसाचा भाव काय होईल ते साहेबांना ठाऊक नाही, मलाही नाही."

केशवरावांनी कपाळावर हात मारला. साहेबाला मराठी अगदीच येत नव्हती असं नाही. त्याचा चेहरा लालबुंद झाला. टाळी एकही पडली नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारा शेतकरी काठी टेकत उठला.

"मास्तर," तो म्हणाला, "हे तुमी मांगच्या साली काहून नाही सांगतलं?"

वामनमास्तरांनी हात जोडले. म्हातारा खाली बसला, तरी ते तसेच हात जोडून उभे होते.